गर्दी मोजणं मी सोडलं

हल्ला म्हणजे गर्दी, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला की आधी बँडविड्थचा आलेख उघडायचा. आलेख चढलेला असेल तर हल्ला; सपाट असेल तर डेव्हलपरांना फोन. हे मत आता माझं राहिलेलं नाही.

पहिला तडा साध्या हिशेबानं पाडला. एक गिगाबिटची लाइन १५१८ बाइटच्या मोठ्या फ्रेमनी भरली, तर सेकंदाला जेमतेम ८१ हजार पॅकेटं येतात. ६४ बाइटच्या फ्रेमनी भरली, तर १४ लाख ८८ हजार. कर्नलला दर पॅकेटमागे राबावं लागतं, बाइटमागे नव्हे. म्हणजे लाइन दहा टक्केच भरलेली, आलेख निवांत, आणि ‘टॉप’मध्ये मात्र ‘एसआय’चा (सॉफ्ट इंटरप्टमध्ये जाणाऱ्या वेळेचा) आकडा चढलेला, ते काम उपसणारा कर्नलचा ‘केसॉफ्टआयआरक्यूडी’ थ्रेड एका कोअरला चिकटून बसलेला.

पुढे क्रॉस्बी आणि वॉलक यांचा २००३चा निबंध वाचला. हॅश टेबलमध्ये एकाच कप्प्यात जाऊन पडतील अशी निवडक पॅकेटं पाठवून त्यांनी ‘ब्रो’ हा पहारेकरी सर्व्हर सहा मिनिटांत बेजार केला, तेही डायल-अप मोडेमपेक्षा कमी वेगात! इथे गर्दी कुठे होती?

उरलंसुरलं मत स्टॅक ओव्हरफ्लोनं मोडलं. २० जुलै २०१६ला ती साइट ३४ मिनिटं बंद होती. एका पोस्टमध्ये ओळीनं वीसेक हजार मोकळ्या जागा होत्या आणि टोकाच्या जागा छाटणारा रेजेक्स प्रत्येक जागेपासून नव्यानं मोजत बसला: सुमारे वीस कोटी तपासण्या. ती पोस्ट मुखपृष्ठावर, आणि लोड बॅलन्सर सर्व्हरची तब्येत मुखपृष्ठावरूनच तपासणारा. त्यानं एकेक सर्व्हर बाद केला. हल्लेखोर कुणीच नव्हतं.

आता मी आधी बघतो, वेळ जातोय कुठे: प्रोग्रामांत (‘यूएस’), कर्नलमध्ये (‘एसवाय’) की सॉफ्ट इंटरप्टमध्ये (‘एसआय’). मग ‘पर्फ टॉप’ लावून नेमकं फंक्शन. कोण करतंय, हा प्रश्न त्यानंतर. साइट पडलेली असताना हे चोचले कसले, असं सहकारी म्हणतात. त्यांचंही खरं आहे. पण पत्ते खोटे असलेल्या सिन-पुरात (जोडणीच्या अर्धवट मागण्यांच्या लोंढ्यात) आयपी अडवत बसण्यापेक्षा सिन कुकीज चालू आहेत का, हे पाहणं लवकर उरकतं.