सोयीचा शत्रू

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. अमेरिकेतली महागाई थांबली नाही. युद्धसामग्रीची कंत्राटे पटापट रद्द झाली आणि लाखो सैनिक कामाच्या शोधात घरी परतू लागले. सिॲटलच्या जहाजबांधणी कामगारांनी युद्धकाळात गोठवलेली मजुरी वाढवून मागितली. त्यांच्या पाठिंब्याला फेब्रुवारी १९१९ मध्ये शहरातले सुमारे ६५,००० कामगार संपावर उतरले. संप समितीने तान्ह्या मुलांसाठी दूधवाटपाची केंद्रे काढली, हजारोंचा स्वयंपाक केला, रस्त्यांवर निःशस्त्र माजी सैनिकांचा पहारा ठेवला. तरी महापौर ओली हॅन्सन यांना त्यात रशियन क्रांतीच दिसली. मजुरीचा तंटा हां हां म्हणता परकीय कारस्थान ठरला.

यावर आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही: बॉम्ब तर खरेच फुटले होते ना? होते. २ जून १९१९ च्या रात्री आठ शहरांत स्फोट झाले. ॲटर्नी जनरल मिचेल पामर यांच्या दारात तर बॉम्ब घेऊन आलेलाच चिंध्या होऊन मेला. या कटामागे मूठभर इटालियन अराजकवादी होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण मग जाळे टाकले कुणावर? रशियन मजुरांच्या संघटनेवर आणि नव्या कम्युनिस्ट पक्षांच्या सभासदांवर. कारण साधे, कायद्याच्या पोटात दडलेले आहे. नागरिकाला शिक्षा द्यायची तर आरोपपत्र हवे, पुरावा हवा, ज्यूरी हवी. परदेशी माणसाला हद्दपार करणे ही कायद्याच्या नजरेत शिक्षाच नव्हती, निव्वळ प्रशासकीय कारवाई होती. आणि १९१८ च्या कायद्यानुसार तिला विशिष्ट संघटनेचे सभासदत्व पुरेसे होते. परका अधिक धोकादायक होता म्हणून निवडला गेला असे मला वाटत नाही. त्याच्यावर कारवाई करणे सर्वांत स्वस्त होते. डिसेंबर १९१९ मध्ये ‘ब्यूफर्ड’ जहाजातून २४९ जणांची रशियाकडे रवानगी झाली. जानेवारीत हजारोंची धरपकड झाली. डेट्रॉइटच्या सरकारी इमारतीत सुमारे ८०० माणसे एका बिनखिडक्यांच्या बोळात कित्येक दिवस कोंडली होती. सगळ्यांना मिळून एकच शौचालय. पुढे कामगार खात्यातल्या लुईस पोस्ट यांनी एकेक फाइल स्वतः वाचली आणि बहुतेक वॉरंटे रद्द केली. पामर यांनी भाकीत केलेला १ मे १९२० चा उठाव झालाच नाही.

भीती अशी वर्षभरात ओसरली, मग एवढा ऊहापोह कशाला, असेही कुणी म्हणेल. माणसे शांत होतात. कायदे मात्र मागे उरतात. सप्टेंबर १९२० मध्ये वॉल स्ट्रीटवर भीषण स्फोट झाला, तरी पूर्वीसारखी धरपकड पुन्हा झाली नाही. उलट १९२४ साली, सारे शांत असताना, इटलीतून येणाऱ्या स्थलांतरितांचा वार्षिक कोटा सुमारे ४२,००० वरून ३,८४५ वर आणला गेला. त्यासाठी १८९० ची जनगणना पायाभूत धरली, म्हणजे दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक मोठ्या संख्येने येण्याआधीची. (आकडेमोडीतही हेतू लपवता येतो तो असा.) आशियाई लोकांना तर जवळजवळ दारच बंद झाले. महायुद्धात अमेरिकेचा गणवेश चढवलेले भगतसिंग थिंद हे ‘गोरे’ नाहीत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिला होताच. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने भारतातून येणाऱ्यांसाठी ठरवलेला कोटा होता वर्षाला १०० माणसे.