नंबर लावलेली पिढी

"साखर आली!" ही बातमी आमच्या चाळीत तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला पाच मिनिटंही लागत नसत. आया हातातलं काम टाकायच्या, थोरल्याच्या हाती पिशव्या आणि रेशनकार्ड देऊन त्याला खाली पिटाळायच्या आणि पैसे मोजून मागोमाग निघायच्या. रांगेत प्रत्येक वेळी माणूस उभं असायचंच असं नाही. पिशवी, डबा, कधी नुसती वीटही माणसाच्या जागी चालायची. "ही वीट कुणाची?" "तेरा नंबरच्या काकूंची." एवढ्या बोलण्यावर जागा कायम. दुकानाच्या दारावरच्या काळ्या फळ्यावर खडूनं शिल्लक साठा लिहिलेला असे आणि रांगेतल्या प्रत्येकाची नजर त्या आकड्यावर. आपला नंबर येईपर्यंत तो शून्य होणार की नाही, हा हिशेब आम्ही शाळेतल्या गणिताच्या आधी शिकलो.

आम्ही म्हणजे साधारण १९५५ ते १९७० च्या दरम्यान जन्मलेले. गिरगाव, परळ, दादर इथल्या चाळींत, पुण्याच्या पेठांत, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेले. आमच्यातले बहुतेक आता निवृत्त झालेत. एकत्र जमलो की "तेव्हा काय स्वस्ताई होती" हे वाक्य कुणीतरी बोलतंच. त्या वाक्याशी माझं भांडण आहे, म्हणून हे लिहिते आहे.

कंट्रोलच्या साखरेचा भाव खरोखरच कमी असे. पण कारखान्याला आपल्या साखरेचा ठरावीक हिस्सा सरकारला ठरलेल्या भावानं द्यावा लागे आणि उरलेली तो खुल्या बाजारात विकत असे. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन पोत्यांना दोन भाव. पहिल्या पोत्यात झालेला तोटा कारखाना दुसऱ्या पोत्यात वसूल करणार, नाहीतर ऊस उत्पादकाच्या बिलात. सणावाराला कार्डावरची साखर पुरत नसे, मग वाण्याकडची महाग साखर आणणारेही आम्हीच. ही लेव्हीची पद्धत आमच्या लहानपणाबरोबर संपली असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती २०१३ पर्यंत चालू होती.

तांदळाची गोष्ट तर आज नातवंडांना खरी वाटत नाही. धान्य एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बंदी होती. कर्जत-पनवेलच्या बाजूला पिकलेला तांदूळ मुंबईत आणणं हा गुन्हा. लोकलमधून बायका पोटाशी, पाठीशी तांदळाच्या पिशव्या बांधून यायच्या. स्टेशनवर पोलीस दिसले की डब्यातल्या बाकीच्या बायका त्यांना मध्ये घेऊन उभ्या राहायच्या. कुणीही त्यांना गुन्हेगार मानलं नाही. पंधरा-वीस किलो तांदूळ जिथे पिकतो तिथून जिथे खाल्ला जातो तिथे नेणारी बाई समाजाचं काम करत होती, आणि कायदा तिला पकडत होता.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मी झाकणार नाही. १९७२ च्या दुष्काळात याच दुकानांतून मिलो मिळाला, लाल ज्वारी मिळाली. ती भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही, तरी तिनं माणसं जगवली. अडल्या माणसाच्या हाती सरकारनं धान्य किंवा पैसे द्यावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप आहे तो एका कारकुनानं सगळ्या शहराचा भाव आणि वाटा ठरवण्याला.

साखर-तांदूळ ही रोजची झुंज. त्यापलीकडे गॅस, फोन आणि स्कूटर. गॅससाठी नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं. आला की एकच सिलिंडर. तो संपत आला की आई तो तिरका करून, हलवून, उरलेल्या गॅसचा अंदाज घ्यायची. रॉकेलचा स्टोव्ह कधीच माळ्यावर गेला नाही. खासदारांना गॅसच्या जोडण्यांचा आणि टेलिफोनचा कोटा असे, त्यामुळे खासदाराच्या ओळखीचा एखादा माणूस ओळखीत असणं हे घरातलं मोठं भांडवल होतं. फोन साऱ्या चाळीत एक. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, मुलीच्या स्थळाच्या चिठ्ठीवर नंबर छापला की पुढे "पी.पी." लिहायचं. म्हणजे हा शेजारचा फोन आहे, निरोप द्या, आम्ही येतो. देशपांडे काकूंनी वर्षानुवर्षं चाळीतले जन्म, मृत्यू, नोकऱ्यांचे कॉल आणि जमलेली लग्नं जिन्यात उभं राहून हाका मारून कळवली. त्या माउलीचे उपकार आम्ही विसरणार नाही, पण तिला इतकी वर्षं हे करावं लागायला नको होतं.

बजाजची चेतक १९७२ साली आली. ती बनायची आकुर्डीला, पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि पुण्यातल्या माणसाला ती मिळायला कित्येक वर्षं लागायची. लोखंडाची, कामगारांची, गिऱ्हाइकांची कुणाचीच वाण नव्हती. मग अडत होतं कुठे? वर्षाला किती स्कूटर बनवायच्या याचा परवाना दिल्लीहून यायचा. परवान्यापेक्षा जास्त माल काढणं हा कारखानदाराचा अपराध ठरायचा. दादानं नोकरी लागल्या लागल्या नंबर लावला. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि स्कूटर आली तेव्हा ती मुलगी पुढच्या फूटबोर्डवर उभी राहण्याएवढी झाली होती. ज्यांचा नंबर लवकर लागला त्यांनी गाडी तशीच दुसऱ्याला विकली आणि वरती "ऑन" घेतला. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाते, ही गोष्ट जगातल्या कुठल्या अर्थशास्त्रज्ञाला सांगितली तर त्याला पुढचं काही विचारावं लागणार नाही.

कारण भाव दाबला की खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत मांडला जातो. आमच्या घरांत तो आईच्या वहीत मांडला गेला. सकाळी दुधाच्या केंद्रावर कार्ड घेऊन उभी राहणारी ती, रॉकेलच्या गाडीमागे डबा घेऊन धावणारी ती, साहेबाच्या बायकोला हळदीकुंकवाला आवर्जून बोलावणारी ती. साहेबांचे एक मेहुणे गॅसच्या एजन्सीत होते ना! तिच्या या तासांचा हिशेब कुठल्याही महागाई निर्देशांकात धरला नाही. "तेव्हा काय स्वस्ताई होती" म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, हे मी फार वर्षं पाहते आहे.

चाळीच्या भाड्याबद्दल मात्र बोलताना माझा जीव वरखाली होतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या थोडक्या भाड्यामुळे गिरणीतल्या आणि कचेरीतल्या पगारावर आमचे आईवडील शहराच्या मध्यात राहू शकले, आम्ही चांगल्या शाळांत गेलो. हे ऋण मोठं आहे. पण घरमालकाच्या हाती येणाऱ्या पैशात जिना रंगवणंही होत नसे, मग तुळया बदलणं दूरच. गॅलरीखाली लाकडी टेकू लागले, ते आमच्या बालपणीच लागले आणि आमची लग्नं झाली तरी तिथेच होते. १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ आणावं लागलं. आणि भाड्यानं देण्यासाठी नवी चाळ बांधायला मुंबईत कोण पुढे येणार होतं? चाळीत जन्मलेल्या पुढच्या पिढीला त्याच शहरात खोली मिळेना. मिळायची ती पागडी देऊन, पावतीशिवाय. आईच्या बांगड्या मोडून दिलेल्या पागडीला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं. ते मिळालं १९९९ च्या कायद्यानं, २००० सालापासून. तोवर आमच्यातले बहुतेक बदलापूर, वसई, डोंबिवलीला जाऊन लोकलच्या दारात लटकायला शिकले होते.

सोन्याचंही तेच. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणानं १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्या भट्टीसमोर बसलेल्या सोनारांचं काम एका रात्रीत बसलं. कॅरटची अट पुढे गेली, तरी १९६८ चा कायदा उरला, आणि समुद्रावरून येणाऱ्या चोरट्या सोन्यानं मुंबईत काही माणसं फार मोठी झाली. तो कायदा १९९० साली गेला, अर्थमंत्री मधु दंडवते असताना. जन्मभर समाजवादी चळवळीत काढलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

त्यांच्याच घरातल्या प्रमिलाताई, मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर या बायकांनी १९७२ पासून महागाईविरुद्ध मुंबई हलवली. आमच्या आया लाटणी आणि थाळ्या घेऊन त्यांच्या मोर्चात गेल्या. कुणासमोर वर मान न करणारी माझी आई त्या दिवशी घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आली. तिचा राग शंभर टक्के खरा होता आणि तिला रस्त्यावर आणणाऱ्या त्या नेत्यांबद्दल मला नितांत आदर आहे. तरी मागणी होती ती आणखी नियंत्रणाची, आणखी छाप्यांची. साठेबाज जन्माला का येतो, हा प्रश्न तेव्हा मागे राहिला. तो विचारणारे लोक होते. राजाजींनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढून परमिट-लायसन्स-कोटा राजवटीवर बोट ठेवलं होतं, मुंबईत मिनू मसानी ते बोलत होते, नानी पालखीवालांची बजेटवरची भाषणं ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियम भरत होतं. पण ही मंडळी इंग्रजीत बोलत आणि आमच्या चाळीला ती धनिकांची बाजू वाटे.

आम्हाला ती बाजू मराठीत ऐकवली शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेला हा माणूस. कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी १९८० साली नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले गेले तेव्हा आम्ही शहरात कुरकुरलो. माझा राग यवतमाळच्या मामानं घालवला. १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना होती. कापूस विकायचा तो सरकारी केंद्रावरच. मामा बैलगाडी भरून केंद्रावर जायचा आणि दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायचा, कारण पुढे गाड्यांची रांग. मग ग्रेडर प्रत ठरवणार, पैसे हप्त्यांनी येणार. नदीपलीकडे आंध्रात भाव बरा असला तरी तिकडे गाडी नेली तर ती चोरी. मामा एकदा आईला म्हणाला, "ताई, तू घ्यायला रांगेत उभी अन्‌ मी विकायला. मग मधात कोण बसलाय?" आई काही बोलली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकानं मला याहून जास्त शिकवलेलं नाही.

१९९१ च्या जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं विमानानं परदेशी तारण गेलं. घरातलं सोनं गहाण पडल्याची लाज आमच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर दिसत होती. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला, आणि त्याच दिवशी आलेल्या नव्या औद्योगिक धोरणानं १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा परवाना काढून टाकला. आम्हाला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. कळला तो हळूहळू. गॅसचा दुसरा सिलिंडर आला. टेलिफोनवाला स्वतःहून विचारायला आला. शोरूममधला मुलगा "कुठला रंग हवा?" म्हणाला तेव्हा दादा क्षणभर गप्प झाला, कारण रंग निवडायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. गिरण्या बंद पडलेल्या घरांत मात्र त्या वर्षांत फार अंधार होता, आणि ती माणसं पुन्हा उभी राहावीत म्हणून पुरेसं काही झालं नाही. ते शल्य मनात आहे.

आता कांद्याचं बोलते, कारण तो प्रश्न अजून सुटलेला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. नाशिक जिल्ह्यातले लिलाव ठप्प झाले, शेतकरी रस्त्यावर आले. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या डिसेंबरात कुणीतरी लिहिलं, बरं झालं, भाव उतरला. मी उत्तर लिहायला बसले आणि ते फार लांबलं. कांदा ६० रुपये झाला तर आपण अर्धा किलोऐवजी पाव किलो आणू, महिनाभर भजी करणार नाही, एवढंच. मे महिन्यात कांदाचाळीत भरलेला कांदा सहा महिने जपून, सडका निवडून फेकून, भाव येईल म्हणून थांबलेल्या माणसाला ते थांबणंच नुकसानीचं ठरलं, तर पुढच्या वर्षी तो कांदा लावणार नाही आणि आपण पुन्हा महागाई म्हणून ओरडू. यवतमाळचा मामा तुम्हाला आठवतो का, असंही विचारलं. धाकट्यानं लिहिलं, आठवतो, त्याच्या गाडीखाली मी एकदा झोपलोय. मग दोन दिवस ग्रुपवर त्याच विषयावर वाद चालला, आणि दादा अजूनही निर्यातबंदीच्याच बाजूनं आहे.