एकशेआठचं वर्गमूळ

लेकाची सातवी झाली आणि आम्ही त्याला घरी शिकवायला लागलो. आम्ही डॅलसजवळ राहतो. टेक्सासात होमस्कूलिंगला कुणाची परवानगी लागत नाही. १९९४ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरच्या शाळेला खासगी शाळेसारखंच मानलं. तेव्हापासून, काही मूलभूत विषय शिकवावेच लागतात ते सोडले तर, काय शिकवायचं, किती शिकवायचं, मार्क किती द्यायचे, हे सगळं आईबापांच्या हातात आहे. आठवीचं वर्ष मजेत गेलं. नववी जवळ आली तशी मला नीट झोप लागेना. नववी ते बारावीचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांची नोंद, कॉलेजं मागतात, आणि ते मीच तयार करून खाली मीच सही करायची होती.

मी रीतसर बसून कागद आखला. अल्जिब्रा वन आठवीतच झालेलं, नववीत जिऑमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. प्रत्येकाचं एक क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे साधारण १२० तासांचं काम. हे माप कार्नेगी फाउंडेशनचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. फाउंडेशन प्राध्यापकांना पेन्शन देणार होतं, ती कुठल्या कॉलेजांना द्यायची हे ठरवताना हायस्कूलचा अभ्यास कसा मोजायचा तेही ठरलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की १२० भरले की झालं. रोज घड्याळ लावून मी वहीत तास लिहायचे.

डिसेंबरात जिऑमेट्रीचे ५८ तास झाले होते. त्या दिवशी पायथागोरसचं एक उदाहरण होतं. काटकोन त्रिकोण, एक बाजू एक्स, दुसरी एक्स अधिक तीन, कर्ण पंधरा. लेकाने आकृती छान काढली, समीकरण बरोबर मांडलं, आणि एक्स अधिक तीनचा वर्ग लिहिला: एक्सचा वर्ग अधिक नऊ. पुढचं सगळं त्याच चुकीवरून नेटकं सोडवत गेला आणि उत्तराभोवती चौकट केली. एकशेआठचं वर्गमूळ.

मी म्हटलं, "ताळा करून बघ." त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. "आई, बरोबरच आहे ना?" त्याला खरंच दिसत नव्हतं. आठवीत हेच सूत्र त्याने शंभरदा वापरलं होतं आणि त्या विषयात मी त्याला 'ए' दिला होता.

मग त्याला चौकटींच्या कागदावर चौरस काढायला लावला. बाजूचे दोन तुकडे, एक्स आणि तीन. आत मोठा चौरस झाला, कोपऱ्यात नऊ चौकटींचा छोटा चौरस झाला. "बाकीचं काय?" उरले होते दोन लांबट आयत, प्रत्येकी तीन एक्स. तो बराच वेळ त्या आयतांकडे बघत राहिला. "हे दोन मी खाऊन टाकले," म्हणाला. मग बारा आणि नऊ अशा बाजू त्याच्या त्यानेच काढल्या.

रात्री आठला सांगलीला फोन लावला. तिथे सकाळचे साडेसात, आप्पांचा चहा चाललेला. ते निवृत्त गणित शिक्षक. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अगं, पण वर्षभर नुसती भूमितीच? मग बीजगणित हाताखालून जाणार कधी?"

मी स्वतः बीजगणित आणि भूमिती जोडीनेच शिकले. दोन पुस्तकं, दोन वह्या, एकाच आठवड्यात दोन्हींचे तास. इथे बहुतेक ठिकाणी एक वर्ष बीजगणित, मधलं वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित. मधल्या वर्षात पहिलं गंजतं. मी इथल्या शाळांचा तक्ता जसाच्या तसा घरी उतरवला होता. तसा उतरवायची माझ्यावर सक्ती कुणाची होती?

जानेवारीपासून आठवड्यात तीन दिवस जिऑमेट्री आणि दोन दिवस अल्जिब्रा सुरू केलं. आधी अल्जिब्रा वनचे कच्चे धडे, अवयव पाडणं, वर्गसमीकरणं, मग थेट अल्जिब्रा टू. दोन क्रेडिटं शेजारी शेजारी दीड वर्ष चालली. ट्रान्सक्रिप्ट इयत्तावार असावं लागतं असं मी धरून चालले होते. विषयवार केलेलंही चालतं. विषयापुढे तो पुरा झाल्याचा महिना लिहायचा.

खरा वाद झाला तो त्या 'ए'वरून. मी तो खोडला. अहो म्हणाले, "पुस्तक संपलंय, तास भरलेत, मग क्रेडिट का अडवतेस?" मला ते पटेना. वर्गशिक्षक नाही, मुख्याध्यापक नाही, बोर्ड नाही. या घरात त्या कागदाला खरेपणा आणणारी मी एकटी. तासांची वही मी खोटी लिहिली नव्हती, पण त्या तासांतून जे उरायला हवं होतं ते उरलं नव्हतं. लेकाला तसं सांगितलं. तो दोन दिवस गप्प होता. मार्चमध्ये त्याने अल्जिब्रा वनचा सगळा पेपर पुन्हा दिला, मी दुसऱ्या पुस्तकातून काढलेला. 'बी' आला. तोच लिहिला.

आता तो अकरावीत आहे, प्रीकॅल्क्युलस घरी चालू आहे. माझ्या एकटीच्या शब्दावर कॉलेजने विसंबावं असं मला वाटत नाही, म्हणून बाहेरच्या खुणा जोडतेय. एक सॅट, आणि बारावीत कम्युनिटी कॉलेजमधला ड्युअल क्रेडिटचा कोर्स. त्याचा निकाल तिथले प्राध्यापक लावतील आणि तो हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवरही येईल. त्याआधी टीएसआय ही पात्रता परीक्षा. कोर्स कोणता, ते अजून ठरत नाही. अहोंना कॅल्क्युलस हवंय, कारण इंजिनिअरिंग. लेकाला हवामानाच्या आकड्यांचं वेड आहे, त्याचं मन स्टॅटिस्टिक्सकडे ओढतं. दोन्ही घेतले तर पाच क्रेडिटांऐवजी सहा होतात, पण बारावीचा एक सेमिस्टर फार जड जाईल.

काल त्याने स्वतःच कागद घेऊन दोन्ही कोर्सेसचे आठवड्याचे तास मांडले. मी तो अजून पाहिलेला नाही. रविवारी तिघं बसून ठरवणार आहोत.