नातवंडांसाठीं चार कार्डें

गेल्या पौषांत आमच्या आत्याबाई न्यू जर्सीहून दोन महिन्यांसाठीं पुण्यास आल्या होत्या. एके रात्रीं मंडळी जेवावयास बसली असतां आमच्या पुतण्यानें वर्तमानपत्रांतील एक हकीकत मोठ्या चवीनें सांगितली. अमेरिकेंतील कोणा वृद्धेच्या संगणकावर ‘यंत्र बिघडलें आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी झळकली. तिनें फोन केला, आणि यंत्राच्या दुरुस्तीचे पैसे म्हणून दुकानांतून भेटकार्डें आणून त्यांवरचे आंकडे एका भामट्यास वाचून दाखविले! “दुरुस्तीचे पैसे भेटकार्डांनीं कोण देतो हो?” असें पुतण्या म्हणाला आणि सारी पंगत हंसली. आम्हीही हंसलों. आत्याबाईंनीं ताकभात तसाच टाकला व त्या उठल्या. प्रवासाचा शीण असेल, असें सर्वांस वाटलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांनीं आम्हांस झोपाळ्यापाशीं बोलावून घेतलें आणि सांगितलें कीं, तसली एक म्हातारी या घरांतही आहे.

आत्याबाईंचें वय ७१. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. चिरंजीवांचें घर मोटारीनें अर्ध्या तासाच्या अंतरावर. उभा जन्म त्यांनीं बँकेंत हिशेब तपासण्यांत घालविला. भाजीवाल्यानें दोन रुपये अधिक लावलेले त्यांस चालत नाहींत. तेव्हां ‘अडाणी माणसेंच फसतात’ असें म्हणून आम्हांला सुटतां येईना.

गेल्या वर्षीं चैत्राच्या सुमारास त्या संगणकावर नाट्यगीतें शोधीत होत्या. एकाएकीं पडदा निळा झाला, भोंगा वाजूं लागला आणि एक बाई कठोर स्वरांत बजावूं लागली कीं, यंत्र बंद कराल तर सर्व कांहीं गमावाल. खरें पाहतां हा केवळ देखावा असतो. ब्राउझरचें एक पान पडदाभर ताणलेलें असतें. एस्केपची कळ दाबून धरली किंवा यंत्र सरळ बंद केलें म्हणजे तें बहुधा नाहींसें होतें. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेंत फोनचा क्रमांक कधींच नसतो. पण कानाशीं भोंगा वाजत असतां हें सुचावें कोणास? आत्याबाईंनीं क्रमांक फिरविला.

पलीकडे ‘डेव्हिड’ होता. आवाज मृदु, बोलणें अदबीचें. “घाबरूं नका, आपण वेळेवर फोन केलात,” असें म्हणून त्यानें प्रथम त्यांस धीर दिला. मग दुरून यंत्र चालवितां यावें असा एक प्रोग्राम त्यांच्याच हातून उतरवून घेतला आणि इव्हेंट व्ह्यूअर नांवाची नोंदवही उघडून दाखविली. तींत तांबड्या व पिवळ्या खुणांच्या शेंकडों ओळी! वास्तविक ही वही प्रत्येक धडधाकट विंडोज यंत्रांत असते आणि बारीकसारीक अडखळणेंही तींत टिपलेलें असतें. पंचांगांत शोधूं गेल्यास कोणत्या दिवशीं कुयोग सांपडत नाहीं? डेव्हिडनें तींतील एकेक ओळ वाचून ‘हा पहा शत्रूचा शिरकाव’ म्हणून सांगितलें.

उच्चारावरून आत्याबाईंनीं ओळखलें कीं हा मुलगा आपल्याकडचा. त्यांनीं मराठींतच विचारलें, “बाळ, कुठला रे तूं? जेवलास का?” पलीकडे क्षणभर शांतता झाली; मग तोच इंग्रजी पाठ पुन्हा सुरू झाला. याच ठिकाणीं सावध व्हावयाचें, तर उलट त्यांचा विश्वास दुणावला! आपला मुलगा आपल्याला कशाला फसवील?

पांच वर्षांच्या ‘संरक्षणा’चे दोन हजार डॉलर ठरले. पांचशें डॉलरांचीं चार भेटकार्डें आणावयाचीं, फोन चालूच ठेवावयाचा, आणि दुकानांत विचारलें तर नातवंडांसाठीं म्हणून सांगावयाचें. दुकानांतील मुलीनें खरोखरच विचारलें, “तुम्हांला कोणी फोनवरून हीं आणावयास सांगितलीं आहेत का?” आत्याबाई म्हणाल्या, “नाहीं, नातवंडांसाठीं हवीं आहेत.” घरीं येऊन त्यांनीं कार्डांमागचे आंकडे खरवडून वाचून दाखविले. ते सांगितले कीं रक्कम गेलीच.

दुसऱ्या दिवशीं वरिष्ठ म्हणवणाऱ्या दुसऱ्याच माणसाचा फोन आला: आणखी तीन हजार हवेत. त्याच्या आवाजांत आदल्या दिवसाचें मार्दव नव्हतें, आणि त्यानेंच आत्याबाईंचे डोळे उघडले. त्यांनीं संगणक जुन्या लुगड्यांत गुंडाळून कपाटांत टाकला व मुलास सांगितलें कीं तो मोडला. “पैशाचें जाऊं दे रे,” त्या आम्हांस म्हणाल्या, “पण ती पोर मला वांचवूं पाहत होती आणि मी तिच्या तोंडावर खोटें बोललें. हें मुलाला कोणत्या तोंडानें सांगूं? आणि सांगितलें असतें तर माझें बँकेचें पुस्तक त्यानें दुसऱ्या दिवशीं काढून घेतलें असतें.”

ही दुसरी भीति खोटी होती असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

पुढें आम्ही मुद्दाम एका परिचित कुटुंबांतील तरुणास गांठलें. मुंबईच्या एका उपनगरांतील अशाच कचेरींत त्यानें चार महिने काम केलें होतें. जाहिरात ‘ग्राहकसेवे’ची होती. पगार पंधरा हजार, वर प्रत्येक सौद्यामागें बक्षीस. इंग्रजी नांव व बोलण्याचा छापील कागद पहिल्याच दिवशीं हातीं पडे. कोणत्या शंकेस काय उत्तर द्यावयाचें तें सारें त्यांत लिहिलेलें. हें काम कोणत्या जातीचें आहे हें त्याला तिसऱ्या दिवशीं कळलें. तरी सोडावयास चार महिने लागले, कारण घरीं वडिलांची नोकरी गेलेली. आम्हीं त्याला आत्याबाईंची हकीकत सांगितली. तो बराच वेळ खालीं पाहत होता. “काका,” तो म्हणाला, “त्या आज्या फोन ठेवीतच नसत. दिवसभरांत त्यांच्याशीं कोणी बोललेलें नसे.”

सरकार स्वस्थ बसलें आहे असें नाहीं. २०१६ च्या ऑक्टोबरांत ठाणें पोलिसांनीं मीरा रोड येथें छापे घातले तेव्हां सातशेंहून अधिक तरुण-तरुणी एका रात्रींत ताब्यांत घेतलीं गेलीं. तेथील सोंग संगणकदुरुस्तीचें नसून अमेरिकेच्या आयकर खात्याचें होतें, इतकाच फरक. २०२३ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय अन्वेषण विभागानें देशभर ७६ ठिकाणीं झडत्या घेतल्या. त्यांतील कांहींच्या मुळाशीं मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या फिर्यादी होत्या. तरीही त्या एका वर्षांत अमेरिकेच्या एफबीआयकडे या प्रकारच्या तक्रारींत जें नुकसान नोंदलें गेलें तें ९२ कोटी डॉलरांवर होतें, आणि त्यांतील ५८ कोटींहून अधिक साठीपुढील माणसांचें.

थांबत नाहीं याचें कारण असें कीं, या कटांतील एकेक वस्तु स्वतंत्रपणें पाहिली तर निरुपद्रवी असते. दुरून यंत्र हाताळण्याचा प्रोग्राम आमचा पुतण्या बंगलोरहून स्वतःच्या वडिलांचा संगणक नीट करण्यास वापरतो. त्यावर बंदी कशी घालणार? भेटकार्डें बारशा-मुंजींस दिलीं जातात. फोनचा क्रमांक अमेरिकेचा दिसतो, पण इंटरनेटवरून तो जगांत कोठेंही वाजवितां येतो व पकडला जाण्यापूर्वीं टाकून देतां येतो. नको असलेले फोन अडविण्याच्या युक्त्या निघाल्या आहेत खऱ्या. परंतु येथें सावजच शिकाऱ्यास हांक मारतें, तेथें त्या युक्त्या काय करणार? गुन्हा एका देशांत, फिर्यादी दुसऱ्या देशांत. दोन हजार डॉलरांसाठीं न्यू जर्सीची विधवा ठाण्याच्या कोर्टांत साक्षीस येत नाहीं. कचेरी उठली तरी तिच्यांतील सराईत चार माणसें दुसऱ्या इमारतींत भाड्यानें जागा घेतात. खुर्च्या, टेलिफोन आणि कागद, एवढेंच तर भांडवल!

आणि आत्याबाईंची तर फिर्यादच नव्हती. त्यांचे दोन हजार त्या कोट्यवधींत मोजलेले नाहींत. आमच्या पंगतीसारख्या किती पंगतींनीं अशा किती फिर्यादी गिळल्या असतील, हा विचार त्या रात्रींपासून आमचा पिच्छा सोडीत नाहीं.

ही हकीकत लिहिण्यास आत्याबाईंनीं रुकार दिला आहे. अट एकच, कीं नांव येतां कामा नये. परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळीं, मेतकुटाचे डबे बांधून झाल्यावर, त्यांनीं आपण होऊन मुलाला फोन लावला. आम्ही उठून जाऊं लागलों तों त्यांनीं हातानेंच बसावयाची खूण केली. आम्हांस अर्थात् एकाच बाजूचें बोलणें ऐकूं येत होतें.

“मोडला नाहीं रे तो. कपाटांत आहे, लुगड्यांत.”

मग बराच वेळ कांहीं नाहीं.

“दोन हजार. नाहीं, रुपये नव्हेत.”