उघड्यावरचा बाजा

“बाबा, आज संध्याकाळी ऑर्गन ऐकायला जायचंय. शाल घ्या बरोबर,” सूनबाई म्हणाली.

जुलै महिना, कॅलिफोर्नियातले सॅन दिएगो गाव आणि बाहेर लख्ख ऊन, शाल कशाला? पण मुलाकडे पाहुणा म्हणून आलेल्या बापाने फार प्रश्न विचारू नयेत, एवढे शहाणपण मला दोन महिन्यांत आले होते.

ऑर्गन म्हटला की मला आमच्या घरचा ऑर्गन आठवतो. माझे वडील, अण्णा, संगीत नाटकांना साथ करीत. पायांनी भाता मारायचा आणि हातांनी सूर धरायचे, अशी ती पायपेटी. उतारवयात अण्णांचे गुडघे गेले. मग ते मला खाली बसवीत आणि मी दोन्ही हातांनी भात्याच्या फळ्या दाबायच्या. बाहेर मित्र क्रिकेटसाठी हाका मारीत असत. एके दिवशी “मी नाही मारणार भाता!” असे ओरडून मी जो पळालो, तो पुन्हा त्या ऑर्गनखाली बसलो नाही. अण्णांनीही बोलावले नाही. ते गेल्यावर जागेची अडचण म्हणून मीच तो विकला.

बॅल्बोआ पार्कमध्ये शिरलो तेव्हा उन्हे कलली होती. मधोमध कमानींचा देखणा मंडप, दोन्ही बाजूंना अर्धगोलात पसरलेल्या खांबांच्या ओळी, समोर बाकांच्या रांगा आणि वर उघडे आकाश. तिकीटघर कुठे दिसेना. “फुकट आहे, बाबा,” मुलगा म्हणाला. “शंभर वर्षं झाली, फुकटच आहे.”

त्यामागची हकिकत मोठी गमतीची आहे. १९१० च्या शिरगणतीत या गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आत होती. तरी गावाने पनामा कालव्याच्या निमित्ताने जागतिक प्रदर्शन भरवायचे धाडस केले. साखरेच्या धंद्यातल्या स्प्रेकल्स घराण्यातले जॉन आणि अॅडॉल्फ हे दोघे भाऊ पुढे आले आणि त्यांनी हा बाजा गावाला देऊन टाकला. ३१ डिसेंबर १९१४ रोजी तो पहिल्यांदा वाजला. प्रदर्शन संपले, बाजा राहिला. अजून दर रविवारी दुपारी तो वाजतो आणि उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळीही.

आमच्या ऑर्गनात पितळी पत्त्या होत्या. इथे आहेत नळ्या. त्या पाच हजारांहून अधिक! सर्वांत लांब नळी ३२ फुटांची, तर धाकटी पेन्सिलीएवढी. भाता म्हणजे चक्क एक खोली. बाजा वाजत असतानाही माणूस दोन दारांमधून तिच्यात जाऊ शकतो. वारा विजेची मोटर भरते. हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो, गारठली की उतरतो. म्हणून उन्हाचा मारा नको अशा बेताने मंडपाचे तोंड उत्तरेकडे ठेवले आहे.

त्या दिवशी वाजवणारे दोघे होते, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांनीही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बक्षिसे मिळवलेली, पण वयाने अगदी कोवळी. आधी मुलगा बसला. बाखच्या डी मायनर टोकाटाची ती जगप्रसिद्ध सुरुवात! एक तान कोसळते आणि मग थांबा. चर्चमध्ये हा थांबा घुमणाऱ्या नादाने भरून जातो. इथे ना भिंती, ना छप्पर. सूर सुटला की गेला. आणि नेमक्या त्याच थांब्यात विमानतळाकडे उतरणारे एक विमान आमच्या डोक्यांवरून घरघरत आले. मला वाटले, बिचाऱ्याचा रंग उडाला. पण पोराने हात तसेच अधांतरी धरले, मान वर करून विमानाकडे पाहिले आणि ते गेल्यावर पुढची तान सोडली. लोक हसले, टाळ्या पडल्या. उघड्यावर बसणाऱ्याने आकाशाशी भांडून भागत नाही, हे त्याला त्या वयात कळले होते.

मग मुलगी बसली. तिने विडोरची टोकाटा घेतली. वर बोटे पाऱ्यासारखी धावत होती आणि खाली, पातळ तळाच्या बुटांतले तिचे पाय लांबच लांब पट्ट्यांवरून संथ, अवाढव्य सूर काढीत होते. बाकाचे लाकूड माझ्या पाठीशी थरथरले. अण्णांचे पाय नुसता वारा भरीत; हिचे पाय गात होते. नळ्यांचा मोठा बाजा अण्णांनी फक्त चित्रात पाहिला होता. मी पायांकडे पाहत राहिलो. गुडघे दुखत असताना त्यांनी माझ्याकडे काय मागितले होते? थोडा वारा, एवढेच.

शेवटी दोघे एकाच बाकावर बसली; चार हात, चार पाय. अंधार पडला होता, समुद्रावरची गार झुळूक सुटली होती. शालीचा अर्थ मला तेव्हा समजला.

निघताना बाजूला एक पेटी दिसली. ऐकणे फुकट असले तरी नळ्या राखायला, पाहुणे बोलवायला पैसा लागतोच. त्यासाठी १९८८ साली इथल्या रसिकांनी एक सोसायटी काढली. तिचेच हे काम. मुलगा पुढे झाला. मी म्हटले, “थांब. मला टाकू दे.”

“बाबा, पन्नास डॉलर?” तो चकित झाला. एरवी मी एक डॉलर टाकायचा तरी त्याचे रुपये करून पाहणारा माणूस!

“भाता मारायचा राहिला होता रे,” मी म्हणालो.

त्याला काही कळले नाही. घरी जाईपर्यंत मी त्याला सगळे सांगितले.