नऊ नंबरचे बूट

"दिवसभर कोड लिहिणारा माणूस शनिवारी सकाळी बाथरूममध्ये बसून टूथब्रशने दुसऱ्यांचे बूट का घासतो?" हा प्रश्न मला आजवर बायकोने, सासूबाईंनी, सोसायटीच्या वॉचमनने आणि आमच्या टीम लीडने विचारून झालाय. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातलं एकही कुणाला पटलेलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं :)

आपल्या पिढीवर बुटांचा पहिला संस्कार झाला तो पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासचा. शुक्रवारी संध्याकाळी धुवायचे, वर पांढरं लावायचं, खिडकीत ठेवायचे. पावसाळ्यात वाळायचे नाहीतच, मग सकाळी शाळेतला खडू घासून वेळ मारून न्यायची. म्हणजे बूट 'रिस्टोअर' करणं काही अमेरिकेतून आलेलं नाही, फक्त त्याला आता नाव मिळालंय आणि बाटलीवर लेबल लागलंय. मुंबईत तर २००३ सालीच संदीप गजाकस या इंजिनियर माणसाने बूट धुण्या-दुरुस्त करण्याची चक्क लॉण्ड्री काढली होती. तेव्हा लोक हसले असतील, आज प्रत्येक मॉलजवळ 'स्नीकर स्पा' आहे आणि तिथलं दरपत्रक बघून हसू येत नाही.

आता मुद्द्याचं. मी राहतो बेलापूरला, दिवाळे गावापासून चालत दहा मिनिटांवर. गाव कोळ्यांचं. जेट्टी, जाळी, मासळी बाजार, पलीकडे खारफुटी आणि खाडी. वारा सुटला की सुकटीचा वास थेट आमच्या बाल्कनीत. मला तो आवडतो (बायकोला नाही). पण बुटांच्या दृष्टीने याहून वाईट पत्ता शोधून सापडणार नाही. जून ते सप्टेंबर हवेत नुसतं पाणी. लेसची धातूची भोकं हिरवी पडतात, चामड्यावर बुरशी येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोल.

सोलबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण इथे बरेच हुशार लोक फसतात. जुन्या बास्केटबॉल बुटांचा मधला जाड फोमचा थर, म्हणजे मिडसोल, बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो. चालायला मऊ, भक्कम, टिकाऊ... असं वाटतं. पण याच्या रेणूंमध्ये जे एस्टर बंध असतात ते पाणी तोडतं. हवेतली वाफसुद्धा पुरते. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी जोरात करतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी एक दिवस घालून चार पावलं टाकली की सोलचा भुगा. खारी बिस्किट चुरगळल्यासारखा. कंपनी कुठली ते सोडा, या बाबतीत सगळे एका माळेचे मणी.

गंमत म्हणजे खोक्यात जपून ठेवलेला बूटही यातून सुटत नाही. संग्राहक मंडळी तर म्हणतात की अधूनमधून घातलेला बूट जास्त टिकतो. दाबाने आतला ओलावा बाहेर पडतो, असं त्यांचं म्हणणं. या न्यायाने १९८५ चा पहिला एअर जॉर्डन अजून चालतो, कारण त्याला सरळ रबराचा सोल आहे. खुद्द जॉर्डनने मार्च १९९८ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर तो जुना जोड काढून घातला आणि ४२ पॉइंट मारले. पाय मात्र रक्तबंबाळ झाले, कारण बूट घट्ट होत होते. सोलला काही झालं नाही! त्यानंतरच्या पॉलियुरेथेनवाल्या मॉडेलांचे ऐंशीच्या दशकातले जोड आज काचेच्या कपाटातच बरे.

दुसरा शत्रू पिवळेपणा. पारदर्शक रबराचा सोल ऊन-हवेने पिवळा पडतो. यावरचा उपाय ऐकून माझ्यातला जुना हार्डवेअरवाला जागा झाला. २००८ च्या सुमारास जुन्या होम कॉम्प्युटरच्या शौकिनांनी शोधून काढलं की पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात ठेवलं की परत उजळतं. कमोडोर, अमिगा असल्या खोक्यांसाठी निघालेली युक्ती बूटवाल्यांनी उचलली. ब्युटी पार्लरच्या दुकानात केस रंगवायचं क्रीम डेव्हलपर मिळतं, त्यातलं '४० व्हॉल्यूम' म्हणजे साधारण १२ टक्के पेरॉक्साइड. हातमोजे घालायचे, वरच्या चामड्याला मास्किंग टेप लावायचा, ब्रशने सोलवर थापायचं, पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची आणि गच्चीवर उन्हात. ऑक्टोबर हीटचा मला माहीत असलेला हा एकमेव उपयोग. दर तासाला बघायचं, सुकू द्यायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो. बग फिक्स नाही, पॅच आहे.

बाकी धुणं-पुसणं फार अवघड नाही. वॉशिंग मशीन विसरा. कोमट पाणी, बेबी शाम्पू, मऊ ब्रश. चामडं भिजवायचं नाही, फक्त ओलसर करायचं. स्वेडला पाणी नकोच, आधी कोरडा ब्रश आणि साधा खोडरबर. सुरकुत्यांसाठी आत वर्तमानपत्र गच्च कोंबून वर ओलं फडकं ठेवून हलकी इस्त्री. वर्तमानपत्राची शाई आतल्या कापडाला लागते, त्यामुळे मध्ये एक जुना मोजा घाला. रंग द्यायचा तर चामड्याचाच लवचीक ऍक्रिलिक रंग, आणि त्याआधी ऍसिटोनने मूळ फिनिश उतरवणं आलंच. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि वास घातलेला असतो. खिडक्या उघड्या, गॅस बंद, मुलं बाहेर.

तर हे सगळं करता करता गावात बातमी फिरली, आणि २०२४ च्या दिवाळीनंतर दिवाळे गावातला एक मित्र खोकं घेऊन आला. आम्ही सकाळी एकत्र पळायला जातो, त्यामुळे त्याचं बरंच काही मला माहीत होतं. हे खोकं माहीत नव्हतं.

बूट त्याच्या मोठ्या भावाचे. तो त्याला 'दादूस' म्हणायचा. दादूस मर्चंट नेव्हीत होता. २०१२ मध्ये कुठल्याशा बंदरावर उतरल्यावर पहिल्या मोठ्या पगारातून हे बास्केटबॉलचे उंच बूट घेतले, नऊ नंबर. बोटीवर थोडे वापरले, मग घरी आणून ठेवले. २०२० मध्ये जगभर खलाशांच्या बदल्या अडकल्या होत्या, आठवत असेल. तो असाच महिनोन्‌महिने जादा समुद्रावर राहिला आणि २०२१ च्या सुरुवातीला घरी आला. मे महिन्यात दुसऱ्या लाटेत गेला. एकोणचाळीस वर्षांचा.

मित्राच्या पायाचाही नंबर नऊच. फेब्रुवारीत त्याचं लग्न होतं, आणि हळदीच्या रात्री हे बूट घालून नाचायचं असं त्याने ठरवलं होतं. (आगरी-कोळ्यांची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं! लग्न दुसऱ्या दिवशी उरकतात, खरा कार्यक्रम तो.) खोकं उघडलं तर बूट दिसायला बरे होते. हातात घेतला आणि टाचेचा तुकडा माझ्या मांडीवर पडला.

मी त्याला सरळ सांगितलं, हा मिडसोल मेलाय. याला डिंक लावून काही होणार नाही. दोनच रस्ते आहेत. एक, बूट आहेत तसे ठेव, घालू नकोस, आठवण म्हणून राहतील. दोन, त्याच साच्याचा नवा मिडसोल मिळवायचा. तो सुटा मिळत नाही, म्हणजे त्याच मॉडेलचा अलीकडचा वापरलेला जोड विकत घेऊन कापायचा. मग बूट चालतील, पण पायाखालचा थर दादूसचा नसेल.

माझं मत पहिल्या रस्त्याकडे होतं, आणि मी ते बोललोही. संग्राहकांच्या जगात मूळ वस्तूला फार किंमत. २०१९ मध्ये सदबीजच्या लिलावात नायकीचा १९७२ चा 'मून शू' ४,३७,५०० डॉलरला गेला, तो काही कुणी घालून पळणार म्हणून नव्हे. मित्राने ऐकून घेतलं. म्हणाला, आईला विचारतो. दोन दिवसांनी निरोप आला. आई म्हणाली, बूट घालायला आणलेवते, पुजायला नाय.

झालं. विषय संपला.

सेकंडहँड जोड शोधायला तीन आठवडे गेले. कापायला मात्र मी एकट्याने हात लावला नाही, बेलापूर स्टेशनजवळच्या गटई काकांकडे गेलो. काका मूळचे बीड जिल्ह्यातले, तीस वर्षं इथेच, सरकारी योजनेतून मिळालेला पत्र्याचा स्टॉल. आरी, रापी, मेण लावलेला दोरा आणि दोन डबे, एक पिवळ्या सोल्यूशनचा, एक पारदर्शक. मी इंटरनेटवरून शिकलेलं सगळं घडाघडा सांगितलं. ते म्हणाले, "पारदर्शकच लागंल. पिवळं फोमला दोन महिन्यात सोडतंय." नंतर घरी येऊन वाचलं, तर बूट कारखान्यातही अशा सोलला पॉलियुरेथेनचाच डिंक वापरतात.

काकांकडून शिकलेली खरी गोष्ट म्हणजे थांबणं. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावायचं आणि मग नुसतं बसायचं. बोटाची मागची बाजू लावून बघायची, चिकटली नाही पाहिजे. ओलं असताना जोडलं तर आतला द्राव बाहेर पडायला जागा राहत नाही आणि सांधा कच्चा राहतो. सुकल्यावर थोडी उष्णता द्यायची (मी बायकोचा हेअर ड्रायर नेला होता) आणि एकदाच नेमकं बसवायचं. एकदा टेकलं की हलवता येत नाही. अनडू नाही.

एक अडचण मात्र मध्येच उभी राहिली. तळाचं रबर, म्हणजे जमिनीला टेकतो तो थर, जुन्या बुटाचा शाबूत होता. तेव्हा ठरलं की मिडसोल नवा, पण तळ दादूसचाच. काम दुप्पट, कारण आता दोन सांधे. जुना भुगा चमच्याने खरवडला, उरलेला डिंक ऍसिटोनने काढला. तेव्हा तळाच्या खाचांमध्ये हिरवे ठिपके दिसले. घट्ट बसलेले. मला वाटलं बुरशी. ती नव्हती, रंग होता. बोटीच्या डेकला देतात तो.

ऍसिटोनने दोन मिनिटांत गेला असता. कापूस हातातच होता. मी मित्राला फोटो पाठवला आणि विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. "राहू दे. आणि आतलं पण धुवू नको."

आतलं म्हणजे इनसोल. त्यावर पायाचा ठसा होता. अंगठ्याचा खळगा खोल, करंगळीचा जवळजवळ नाहीच. मी बाकी सगळं केलं. पांढरं चामडं साफ केलं, पुढच्या दोन भेगा भरून वर पातळ रंगाचे चार हात दिले, टाचेचं प्लास्टिक चिकटवलं. डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात पेरॉक्साइडने तळ उजळायला दोन दिवस लागले, हिरव्या ठिपक्यांवर आधी टेप लावून. इनसोल तेवढा काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आणि शेवटी तसाच परत घातला. काकांनी कडेने शिलाई मारली. कंपनीच्या बुटाला तिथे शिलाई नसते, जाणकार संग्राहक बघताक्षणी नाक मुरडेल. मुरडू दे. नाचायचंय त्यात.

पैशांचं सांगायलाच हवं. काकांनी चार तासांच्या कामाचे दोनशे सांगितले. हेच काम शहरातल्या चकचकीत दुकानात काही हजारांत जातं, आणि तिथे मागच्या खोलीत बसून आरी चालवणारा माणूस बऱ्याचदा काकांसारखाच असतो. माझ्यासारखा माणूस हेच काम हौस म्हणून करतो तेव्हा लोक 'वा, काय पॅशन!' म्हणतात. काकांच्या मुलाने शाळेत बापाचा धंदा काय ते सांगितलं तेव्हा त्याला काय ऐकावं लागलं, ते काकांनी एकदाच सांगितलं, मान वर न करता. मी इथे लिहीत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर तिच्यासारखी सँडल दिसली म्हणून आपण सगळे खवळलो, मीही दोन पोस्ट टाकल्या. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं ते कातडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं, डिंकाचा थेंब नाही, फाटली की पुन्हा शिवता येणारी. हायड्रोलिसिसचा प्रश्नच नाही. पण ती शिवणाऱ्यांच्या हातांना आपण किती देतो, हे मात्र मला त्या दोनशे रुपयांपर्यंत सुचलं नव्हतं. मित्राने दोन हजार दिले. काकांनी पाचशे ठेवले, बाकीचे परत केले आणि म्हणाले, "लग्नाला बोलवा."

बोलावलं. आले.

हळदीला बूट रात्री नऊ ते पहाटे अडीच चालले. वर हळद, खाली मांडवाची माती, मध्ये कुणीतरी थंड पेय सांडलं. मी डीजेसमोर उभा राहून सोलकडे बघत होतो, बायको माझ्याकडे बघत होती. काही सुटलं नाही. मित्राची आई एकदा जवळ आली, वाकून बुटाला हात लावला आणि परत बायकांच्यात जाऊन बसली.

तेव्हापासून बूट खोक्यात नाहीत. मोकळ्या शेल्फवर, उन्हापासून लांब, आणि महिन्यातून एकदा घालून जेट्टीपर्यंत चक्कर. पावसाळ्यात बुटांच्या शेजारी सिलिका जेलची पुडी, दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून परत. चामड्यावरची हळद मी साफ करायला मागितली होती, अजून दिलेले नाहीत. नवा मिडसोलही पॉलियुरेथेनचाच आहे, म्हणजे कधीतरी तोही जाणार. तेव्हाचं तेव्हा बघू. काकांनी तोपर्यंत मला शिलाई शिकवायचं कबूल केलंय, शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. आरी घ्यायला परवा जायचंय. आणि हो, ऍसिटोन संपलंय.