कासुबीचे गवती छत्र

युगांडाची राजधानी कंपाला ही टेकड्यांची नगरी. तिच्यातील कासुबी टेकडीवर बुगांडा राज्याचे चार राजे चिरनिद्रा घेत आहेत. अर्थात ही परक्यांची भाषा झाली. काबाका, म्हणजे तेथील राजा, मरण पावला असे त्याची प्रजा म्हणत नाही. तो वनात गेला, असे ती मानते. समाधिगृहात वल्कलाचा एक पडदा सोडलेला असे. त्याच्यापलीकडे ते वन, आणि तेथे सामान्यांस प्रवेश नाही.

मुतेसा पहिला याने १८८२ मध्ये हा राजवाडा उभारला आणि १८८४ मध्ये तोच त्याची समाधी झाला. पुढील राजांपैकी दोघांना मात्र परदेशी मृत्यू आला. म्वांगा १९०३ मध्ये सेशेल्स बेटांवर निर्वासनात वारला; मुतेसा दुसरा १९६९ मध्ये लंडनला. दोघांचेही देह कालांतराने कासुबीला आणले गेले. त्यांतील दुसरा देह १९७१ मध्ये सन्मानाने आणविणारा सत्ताधीश होता इदी अमीन. त्यानेच पुढील वर्षी आशियाई व्यापाऱ्यांना देश सोडण्यास नव्वद दिवसांची मुदत दिली! भरलेली दुकाने मागे टाकून निघालेल्या त्या कुटुंबांच्या आठवणी व्यापारी घरांतून अद्याप ऐकू येतात.

येथे ना संगमरवर, ना सुवर्णकलश. लाकूड, बोरू, गवत आणि वल्कल, हीच मुख्य सामग्री. छताच्या आतील बाजूस बावन्न कडी, बुगांडाच्या बावन्न कुळांची. वल्कल मिळते मुतुबा वृक्षापासून. तो आपल्या वड-पिंपळाच्याच कुळातला. साल अलगद सोलून काढली की उघड्या खोडाला केळीची पाने गुंडाळतात. झाड जगते, नवी साल धरते. सोललेली साल लाकडी मोगऱ्यांनी ठोकून ठोकून तिचे तांबूस वस्त्र करतात.

१६ मार्च २०१० च्या रात्री हे सारे जळाले. समाध्या सुरक्षित राहिल्या, परंतु छप्पर राहिले नाही. दुसऱ्या दिवशी शोकाकुल जमाव आणि सैनिक यांच्यात चकमक झाली, त्यात प्राणहानीही झाली. २००१ पासून जागतिक वारशात गणले गेलेले हे स्थळ त्याच वर्षी संकटग्रस्त वारशांच्या यादीत गेले.

पैसा गोळा होणे तुलनेने सोपे होते. जपाननेही साहाय्य केले. दुर्मिळ होते ते हात. छप्पर शाकारण्याचा अधिकार परंपरेने न्गेये कुळाचा, आणि ती विद्या कोणत्याही ग्रंथात नाही. गवत कोणते निवडावे, पेंढी किती जाड बांधावी, हे वडीलधाऱ्यांजवळ बसून शिकावे लागते. काम सुरू असता पाळावयाचे निर्बंधही अनेक. त्यामुळे वर्षांमागून वर्षे गेली. घाई झाली असती तर पत्रे घालून काम भागविता आले असते. ते झाले नाही. २०२३ मध्ये कासुबीचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले, तेव्हा टेकडीवर पुन्हा गवताचेच छप्पर होते.